ओर्लीनाचा हलका हात

केंटकीच्या डोंगरात मी दुसरेपणावर आले, तेव्हा नवऱ्याने, हार्लनने, मला अक्रोडाच्या लाकडाचं नवं डल्सिमर, तिकडचं तंतुवाद्य, करून दिलं. पहिलीचं, ओर्लीनाचं, तिच्याबरोबरच पुरलं होतं.

मांडीवर घेऊन मी रोज पिसाच्या देठाने तारा छेडायची.

"ओर्लीनाचा हात हलका होता गं," तो म्हणायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आठवड्याभरातच तारांखालच्या नव्याकोऱ्या पट्टीवर बोटांचे खळगे पडले. त्यांत माझी बोटं मावेनात.

"बस आता अंधारात!" म्हणत मी ते पेटीत घालून कुलूप लावलं आणि मक्याचं पीठ कालवायला बसले.

आतल्या खोलीत तारा वाजू लागल्या.

ओसरीवरून हार्लन खुशीत ओरडला, "वा गं! आज हलका पडला तुझा हात!"

माझे दोन्ही हात पिठात होते.