आगाऊ आभार

"दुसरी शालही घाला! दोन्ही घाला!" धर्माकाका माइकसमोरच कुजबुजले आणि सगळ्या बाजारपेठेला ऐकू गेलं.

बोईसरच्या व्यापारी मंडळाने आमदार दोन बोलावले होते. एक येणार म्हटल्यावर दुसरे आले नाहीत. मग आणलेली शाल फुकट कशाला घालवायची? आमदारसाहेब नागपूरचं अधिवेशन आटोपून कालच परतले होते. भर दुपारी दोन शाली पांघरून ते घामाघूम बसले होते.

"आमच्या गल्लीतल्या उघड्या गटाराचा प्रश्न विधानसभेत मांडून तो मार्गी लावल्याबद्दल," मंडळाचे अध्यक्ष धर्माकाका गरजले, "साहेबांचे जाहीर आभार!"

साहेब दचकले. प्रश्न मांडला कुणी होता? पण हीच तर काकांची युक्ती. आभार आधीच मानून टाकायचे, म्हणजे माणूस लाजेकाजेने तरी काम करतो, असं त्यांनी मंडळाच्या बैठकीत छातीठोकपणे सांगितलं होतं.

समिधाला हे तेव्हाही पटलं नव्हतं. गटार तिच्याच पोळीभाजी केंद्रासमोर होतं. पावसाळ्यात एक मास्तर त्यात कमरेपर्यंत गेले, तेव्हापासून गिऱ्हाईक पलीकडूनच वळायचं. "होळीपर्यंत झाकण नाय पडलं तर आमी दुकानाला कुलूप लावतो," असं ती बैठकीत रडवेली होऊन बोलली होती.

"कुठाय ते गटार? बघू तरी," साहेबांनी विचारलं.

काकांची बोबडी वळली. टेम्पोला वाट राहावी म्हणून मंडपवाल्या अंकुशने स्टेज नेमकं गटारावरच टाकलं होतं. जाडजूड फळ्या, वर हिरवा गालिचा, त्यावर सोफा. वास लपवायला सोफ्यामागे उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवला होता. आता, साहेब, तुम्ही गटारावरच बसलाय, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

"आता... दिसत नाही, साहेब," काका कसेबसे म्हणाले.

साहेबांचा चेहरा असा खुलला की विचारू नका! त्यांनी माइक ओढून घेतला. "ऐकलंत? अधिवेशन संपतंय न संपतंय तोच गटार बंद! हे काम पूर्ण झालं, असं मी जाहीर करतो!"

टाळ्या पडल्या. समिधा ताडकन उठली, पण तिचं बोलणं बेंजो पार्टीच्या दणदणाटात बुडालं. साहेबांनी एक शाल उलट काकांच्याच खांद्यावर टाकली आणि गाडी पालघरच्या दिशेने निघूनही गेली.

"झालं समाधान?" समिधाने काकांना धारेवर धरलं. तिचे डोळे भरले होते. "आता कोण बघणार आमच्या गटाराकडं? झालं म्हणून सांगून गेला तो बाबा!"

काका खांद्यावरची शाल नीट करत राहिले.

तेवढ्यात भुकेली गर्दी उठली आणि सरळ स्टेजवरून चालत समिधाच्या दुकानात शिरली. हार्डवेअरवाल्या हेतलबेन आल्या, चार रिक्षावाले आले. पडलेले मास्तरसुद्धा पावलं जपून टाकत आले आणि बटाट्याची भाजी मागू लागले. समिधा बघतच राहिली. इतकी माणसं तिच्या दुकानात कित्येक महिन्यांत आली नव्हती.

अंकुश पहार घेऊन आला. "ताई, सरका जरा. फळ्या काढायच्यात. संध्याकाळी वाणगावला हळद हाय."

समिधाने पदराने डोळे पुसले. मग ती स्टेजवर चढली आणि साहेबांच्या सोफ्यावर ऐसपैस बसली.

"एक फळी हलवायची नाय, अंकुश. काम पूर्ण झालं म्हणून साहेबांनी जाहीर केलंय. आता पहार लावशील तर सरकारी कामात अडथळा आणला म्हणून आत जाशील!"