टाकाऊतून टिकाऊ

केनवडच्या रुख्मिणीबाईंनी आपलं जुनं लुगडं फाडून पुण्यातल्या नातीसाठी, रेवासाठी, कापडाचा हत्ती शिवला. पोटात घरचाच कापूस भरला, डोळ्यांना नवऱ्याच्या, नानाजींच्या, विटक्या सदऱ्याची बटणं लावली आणि मोठ्या हौसेनं पाठवला.

सुनेचा, वर्षाराणीचा, लगेच फोन आला.

"आई, जुन्या कपड्यांची खेळणी आम्ही घरात ठेवत नाही. इन्फेक्शन होतं."

"बरं बाई," म्हणत रुख्मिणीबाईंनी शिलाई मशीनवर चादर टाकली. ज्या लुगड्याच्या झोळीत रेवाचा बाप झोपून वाढला, त्यात एवढे जंतू होते हे त्यांना आत्ताच कळलं.

महिनाभरानं पुन्हा फोन.

"आई, रेवाच्या शाळेनं टाकाऊतून टिकाऊ वस्तू मागितलीय. तसाच एक हत्ती शिवून द्याल? आधीचा आम्ही कचऱ्यात टाकला."

रुख्मिणीबाईंना राग आला. पण नातीचं काम म्हटल्यावर राग किती वेळ धरणार?

"काहून नाही देणार बाई? आजच बसते शिवाले. असा सुबक करून देते का मास्तरीण पाहातच राहीन."

 

"नको नको, सुबक नको. टाके जरा वाकडेतिकडेच घाला, आई. रेवानं स्वतः शिवला असं सांगायचंय."