कुरणाचा करार

मॉन्टानातलं आपलं कुरण कुरणच राहावं, तिथं कधीही बंगले उठू नयेत, असा करार आर्नेबाबांनी करायला घेतला आणि सहीच्या आदल्या दिवशी त्यांना अर्धांगाचा झटका आला. त्यांच्या लेकीनं, सॉल्वेगनं, नोटरीला दवाखान्यातच बोलावलं. बाबांच्या बोटांतून पेन तीनदा गळून पडलं.

"बाबा, नुसती मान तरी हलवा," ती काकुळतीला आली. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, मान हलली नाही.

"याला संमती म्हणता येत नाही, बाई." नोटरी कागद आवरू लागला.

प्लॉट पाडायला टपलेला तिचा थोरला भाऊ हाल्वर दाराशीच उभा होता.

"कागद ठेवा," तो म्हणाला. "बाबांनंतर जमीन आम्हा दोघांचीच. ती आमच्या नावावर आली की याच करारावर मी सही करीन. बाबा, ऐकलंत ना?"

बाबांनी ऐकलं की नाही, हे सॉल्वेगला कधीच कळलं नाही.