कॉफीच्या टाकीत हात

पुनमने हिरव्या बांगड्या एकेक तिरक्या केल्या, मुठीत घासणी धरली आणि हात कॉफीच्या टाकीत घातला.

टाकी स्टीलची. खाली तोटी, वर जेमतेम वाटीएवढं तोंड. तोटीच्या मागे, आतल्या अंगाला, दुधाचा थर धरतो. तो रोज खरवडला नाही तर दुसऱ्या दिवशी कॉफी आंबूस लागते. वारंगा फाट्यावर शालूबाईच्या हॉटेलात मात्र तशी कॉफी कोणी कधी प्यायलं नव्हतं, कारण टाकी शालूबाई स्वतः घासायची. सुनेला ती टाकीला बोटही लावू देत नसे. पुनमच्या ते मनाला लागलं होतं. आपण काय माहेरी खरकट्यात जेवत होतो?

आज शालूबाईचं कशातच लक्ष नव्हतं. तिचा मुलगा बालाजी हळदीचा ट्रक घेऊन सांगलीकडे निघालेला आणि सकाळपासून त्याचा फोन बंद. ती मोबाईल घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. दुपारी शाळेत कॉफी पोचवायची, म्हणून पुनमने आपणहून टाकी ओढली होती. घासणी नुकती तोटीपाशी पोचली, तेवढ्यात चहाला थांबलेला एक ड्रायव्हर मोठ्याने म्हणाला, "लातूरच्या अलीकडं ट्रक उलटलाय. हळद सांडून रस्ता पिवळा झाला पार."

"कोणाचा?" शालूबाई गर्रकन वळली.

"ते न्हाई माहीत. ड्रायव्हरला दवाखान्यात नेलं म्हणे."

पुनमने हात ओढला. येईना. बांगड्या आत आडव्या झाल्या होत्या. तिने जोर लावला तशी काच मनगटात रुतली.

"आत्या, हात निघून न्हाई राहिला."

शालूबाई धावत आली. साबण ओतला, गोडेतेल ओतलं. एका हाताने टाकी धरायची, दुसऱ्या हाताने बालाजीला फोन लावायचा. टाकी सोडत नव्हती आणि फोन लागत नव्हता.

"फोडू का दोन बांगड्या?" पुनमने रडवेल्या आवाजात विचारलं.

शालूबाईने झटक्यात तिच्या तोंडावर हात ठेवला. "चूप. आज असलं काही बोलू नको."

मग तिने समोरच्या गॅरेजातून दिपकला बोलावलं. तो कटर घेऊन आला.

"टाकी काप."

"मावशी, चांगली टाकी हाय. त्यापेक्षा बांगड्याच..."

"काप म्हणलं ना तुला!"

दिपकने टाकीभोवती ओलं फडकं गुंडाळलं. तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी. शालूबाईने तो पाहिला आणि मोबाईल निखारा असावा तसा दिपकपुढे धरला.

"तू घे. मला न्हाई ऐकवायचं."

दिपकने फोन कानाला लावला. दोघी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

"अरे, बालाजीच हाय! मोबाईल पाण्यात पडला म्हणून राहिला. दुसऱ्याच्या फोनवरून बोलतोय."

"आन् तो ट्रक?"

दिपकने फोनवर विचारलं. "तो नांदेडकडच्या कोणाचा तरी हाय म्हणतो."

शालूबाईने पदर डोळ्यांना लावला. दुसऱ्या कोणत्या तरी आईची झोप उडाली असणार, हे तिच्या मनात आलं, पण डोळ्यांतलं पाणी आनंदाचंच होतं.

टाकीत घासणी पडल्याचा आवाज झाला. बातमी ऐकल्यापासून आवळलेली पुनमची मूठ आता कुठे सुटली होती. हात हळूच बाहेर आला. तेलाने माखलेला, लाल झालेला. बांगड्या सगळ्या शाबूत.

"वहिनी, मूठच सोडली नव्हती व्हय तुमी!" दिपक हसत हसत कटर उचलून गेला.

पुनमने मनगट पदराला पुसलं आणि टाकीत डोकावून बघितलं. "थर तसाच हाय, आत्या. मूठ न आवळता घालते आता."

"सरक तिकडं." शालूबाईने टाकी आपल्या पुढ्यात ओढली. "यात तू हात घालायचा न्हाई. म्हणून तर लावू देत नव्हते."

"काहून? मी नीट घासते की."

"घासशील गं. माझ्यापेक्षा चांगली घासशील. पण याला भुंडाच हात लागतो."

तिने पदर खोचला आणि हात आत घातला. कुठेही न अडता तो कोपरापर्यंत गेला.