अळंबीची जागा

दर श्रावणात माझी नणंद रुपली भडगावहून माहेरी आली, की दुसऱ्याच दिवशी सासूबाई तिला घेऊन डोंगराकडे जायच्या आणि टोपलीभर अळंबी आणायच्या. जागा कुठली, ते मला कधी कळू दिलं नाही. मी आपली घरात काळा मसाला वाटत बसायचे. रस्सा मी करायचा आणि पहिली वाटी मात्र रुपलीची! "खाय माय, आंगमा ताकद येस," असा वर सासूबाईंचा तिला आग्रह. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

यंदा सासूबाई नाहीत. तरी रुपली आली, आणि सकाळीच टोपली घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

"वहिनी, चाल. जागा दखाड."

"मी? दरसाल मायसंगे तूच जाये ना?"

"माय माले नालावरच बसाडी ठेवे. म्हने, तू परका घरनी व्हयनी, जागा फक्त सूनले दखाडसू." तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुले दखाडी व्हई ना?"

इतकी वर्षं माझ्या पोटात जे जळत होतं, ते आता तिच्या डोळ्यांत दिसलं. मला फार बरं वाटलं.

"दखाडेल शे ना," मी ठोकून दिलं.

नाल्यावर पोचल्यावर मी तिला म्हटलं, "तू आठेच बस." टोपली घेतली, नाला ओलांडला आणि तिला दिसणार नाही अशा पळसामागे जाऊन बसले, रिकाम्या टोपलीचं काय कारण सांगायचं, ते शोधत.