दमाची ओळ

तिसऱ्यांदाही श्रीदेवीची झील चुकली.

हेडफोनात आक्कांची आधी भरून ठेवलेली ओळ संपली, मधली जागा आली, आणि श्रीदेवी त्या जागेत नुसतीच उभी राहिली. तोंड अर्धं उघडं. नाव घ्यायला उभी केलेली नवरीच जशी. वीस वर्षं ती तुळजाआक्कांच्या मागं येडाई देवीच्या गाण्यांना झील धरत होती. आक्कांनी ओळ म्हणायची, हिनं तिचं शेपूट उचलून परत म्हणायचं. जत्रेतल्या एवढ्या गोंगाटात कधी चूक झाली नव्हती. आणि येरमाळ्याच्या या खोलीत, जिथं भिंतींना वाकळा ठोकल्या होत्या आणि आवाज नको म्हणून पंखासुद्धा बंद होता, तिथं तिला सुरुवात सापडत नव्हती.

"मावशी, झोप लागली काय?" शिवानंद लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला. स्टुडिओ त्याचाच. "सोपंय की. आज्जी थांबली, तुम्ही घुसायचं."

"थांबली हे कळाय नको? त्यांचा दमच ऐकू येईना मला."

"दम काढलाय मी. सकाळपासनं आज्जीची पाच गाणी भरून झाली, पाचीतला काढला. कचरा असतो तो. मोठ्या रेकॉर्डिंगात कुणाला धापा टाकताना ऐकलंय का?"

श्रीदेवीला हसू आलं. संबळ लॅपटॉपातला, तुणतुणं लॅपटॉपातलं, अन् आता गाणारी बाई बिनदमाची.

"बाबा, म्या त्याच्यावरच तर उचलते. आक्कांनी दम घेतला की माझं तोंड आपसूक उघडतं. म्या काय शब्द मोजत बसते व्हय?"

पोरगं ऐकणारं होतं. त्यानं स्क्रीन तिच्याकडं वळवली. "फेकलं न्हाय काही. हा वर आज्जीचा गळा, ही खाली दमाची ओळ. हे यंत्र काहीच फेकत नसतं, मावशी."

वर आवाजाच्या रेघांचे डोंगरच डोंगर होते. खाली मुंग्यांची तुटक रांग. "थांबा, गंमत ऐकवतो," म्हणून त्यानं मुंग्यांमधल्या मोकळ्या जागा मिटवल्या, वरचा गळा बंद केला, स्पीकरही चालू केला आणि बटण दाबलं.

पहिल्या गाण्यातले दम भरलेले होते. विहिरीत घागर बुडावी तसे. दुसऱ्या गाण्यात घागर अर्धीच भरली. तिसऱ्यात एकेका दमाचे दोन-दोन तुकडे झाले. चौथ्यात त्यांच्याखाली बारीक शीळ सुरू झाली, दाराच्या फटीतून वारा यावा तशी. पाचव्यात शीळच जास्त होती.

श्रीदेवीनं हेडफोन काढून गळ्यात घेतला. शिवानंदचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं होतं.

"माइकचं असंल," तो म्हणाला. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

तेवढ्यात दार उघडलं. तुळजाआक्का खाली हॉटेलात चहा घेऊन अकरा पायऱ्या चढून आल्या होत्या. चौकटीला तळवा टेकून त्या तिथंच उभ्या राहिल्या, आणि कान देऊन म्हणाल्या, "काय लावलंस रं? कोण म्हातारी धापा टाकत हापतीय ही?"

शिवानंदनं घाईनं आवाज बंद केला. खोलीतलं हापणं तेवढ्यानं थांबलं नाही. ते आता दारातून येत होतं.

"आक्का, आज पुरे," श्रीदेवी म्हणाली. "चला, धाराशिवला जाऊ. डॉक्टरला छाती दाखवून येऊ. सहावं गाणं उद्या घेऊ."

"उद्या-परवा करत जत्रा निघून जाईल. जत्रेत देवीसाठी चुन्याचे खडे वेचत्यात, त्या दिवशी हे गाणं वाजाय पायजे म्हणजे पायजे. आणि माझ्या छातीला काय धाड भरलीय? तुझा घसा बसला असंल तर तसं सांग. मी एकटी म्हणते."

एकटी. श्रीदेवीला ते ऐकवेना.

"घसा बरा हाय. पण झील मागनं न्हाय भरायची. तुमच्या शेजारी उभी राहून म्हणते, एकदमच."

"मग सरक इकडं."

लॅपटॉपातला संबळ सुरू झाला. आक्कांनी ध्रुपद धरलं:

*डोंगरी बसली येडाई माझी, तिच्या पदराला चुन्याचा डाग.*

ओळ संपायची वाट श्रीदेवीनं पाहिलीच नाही. 'पदराला'च्या पुढं ती मधेच शिरली, आणि शेवटचे दोन शब्द आक्कांच्या तोंडातून काढून घेतल्यासारखे मोठ्यानं म्हणाली.

आक्कांनी हात वर करून गाणं थांबवलं. "पुढं पुढं करतीस व्हय गं? वीस वर्षांत हेच शिकवलं का तुला?"

"चुकलं, आक्का. परत घ्या."

परत घेतलं. ती परत तिथंच शिरली.

"आगं, गातंय कोण इथं? तू का मी?" आवाज चढवताना आक्कांना मधे थांबावं लागलं. शिवानंद काहीतरी बोलायला गेला. श्रीदेवीनं नुसतं बघितलं, तसा तो स्क्रीनमध्ये शिरला.

"चुकलं म्हणलं की. परत घ्या."

तिसऱ्या खेपेला आक्का 'तिच्या पदराला' इथपर्यंत आल्या, आणि आपण होऊन थांबल्या. श्रीदेवीकडं त्यांनी बघितलं नाही. माइकचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटले. उरलेले दोन शब्द श्रीदेवीनं म्हटले, जमेल तेवढे लांबवून.

आक्कांनी डोळे न उघडता पुढची ओळ धरली.

पहिलं कडवं झालं. ध्रुपद फिरून आलं. या वेळी आक्कांनी शेवटचे चार शब्द तिच्यासाठी सोडले.