चोविसावी मागणी

"अक्का, परत एकदा लावा की," नागम्मा म्हणाली.

अक्षताने पाचव्यांदा रेकॉर्डिंग सुरू केलं. आधी सयाजीचा आवाज आला. आईसाठी निरोप होता. "आई, येताना तुझ्या गोळ्या आणतो. आज कालवण लई झाक हुतं." मग फोन खिडकीत ठेवल्याचा आवाज. रेकॉर्डिंग बंद करायचं तो विसरला होता. लोखंडी शिडीवरून उतरणारी पावलं. अठरा सेकंद काहीच नाही. मग मिक्सरची घरघर.

अक्षताने तिथेच थांबवलं. पुढचं ऐकवण्यासारखं नव्हतं.

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका पशुखाद्याच्या कारखान्यात सयाजी मिक्सर साफ करायला आत उतरला होता. तो आत आहे हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि नागम्माच्या नवऱ्याने, गुरुशांतने, पलीकडून बटण दाबलं. बटणाआधी भोंगा द्यायचा, दहा सेकंद थांबायचं, हा तिथला नियम. गुरुशांत म्हणत होता, भोंगा दिला. ऐकलेला माणूस मात्र एकही मिळत नव्हता.

फोनमधलं मूळ रेकॉर्डिंग शेजारच्या मशिनांच्या गोंगाटात बुडालेलं होतं. चौकशी समितीला त्यातलं काहीच उमगेना, म्हणून पेनड्राइव्ह नव्या पेठेत अक्षताच्या स्टुडिओत आला. अक्षता भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली. पोटापाण्यासाठी ती लग्नाच्या व्हिडिओंचे आणि कीर्तनांचे आवाज साफ करून द्यायची. तिने आठवडाभर खपून गोंगाट उतरवला आणि एका वाक्याचा अहवाल दिला : "रेकॉर्डिंगमध्ये भोंग्याचा आवाज आढळला नाही."

'वाजला नाही' असं तिने लिहिलं नव्हतं. पण तेवढा फरक वाचणारे कुठे असतात?

"हे बघा," तिने पडद्यावर बोट ठेवलं. "हे आवाजाचं चित्र. खाली जाडे आवाज, वर बारीक. भोंगा एकाच सुरात वाजतो. तो असता तर इथे आडवी रेघ उमटली असती."

नागम्मा पडद्याजवळ वाकली. पदराने काच पुसून तिने पुन्हा पाहिलं.

"तुमी साफ करताना गेली असंल."

"मलाही तीच शंका आली. म्हणून मूळ फाईल तीनदा नव्याने उघडली. काहीही न करता पाहिली. रेघ नाही."

"अकरा वर्सं हायत ओ त्या मिक्सरवर," नागम्मा म्हणाली. "घरात मी चटणी वाटायला मिक्सर लावला तरी वरडतेत, सरका रे पोरांनो! पोरं चिडवतेत त्यास्नी, भोंगेमास्तर म्हून." ती हसली, आणि हसता हसता तिचे ओठ वाकडे झाले. "आता तेच म्हणतेत, मशीनला दिसंना म्हंजे मीच इसरलो असंन. परवा सयाजीच्या आईच्या पायावर डोकं ठिवून आले. केराबाई म्हणली, भोंगा दिला असतास तर माझं लेकरू वर आलं असतं. तवापास्नं जेवंनात."

अक्षताने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"आज लिवून देणार हायत, चूक माझीच म्हून. मी म्हणलं, दुपारपतूर थांबा. त्या अक्काला एकदा शेवटचं इचारते."

ज्या सॉफ्टवेअरवर ती आवाज साफ करायची, त्याच्या कंपनीला अक्षताने पत्र लिहायला घेतलं. कंपनी पुण्यातली, छोटीशी. त्यांच्या संकेतस्थळावर मागण्या नोंदवायची जागा होती. लग्नांच्या रेकॉर्डिंगना वैतागून तिने तीन वर्षांत तिथे तेवीस मागण्या नोंदवल्या होत्या. टाळ्या कमी करणारं बटण द्या. माइकची फुंकर काढता येऊ द्या. उत्तर एकाचंही आलेलं नव्हतं. नव्या आवृत्तीसोबत येणारी माहितीही तिने वाचायची सोडून दिली होती. त्यांच्यावाचून तिचं काही अडलंही नव्हतं; या उन्हाळ्यात लग्नांची कामं पूर्वीच्या निम्म्या वेळात उरकली होती. हात बसला, असं तिने धरलं होतं.

चोविसावी मागणी तिने सावकाश लिहिली. गोंगाटाखाली दबलेला, दिसतही नाही इतका क्षीण भोंगा शोधून दाखवणारी सोय द्या. तातडीचं आहे. एका माणसाच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

"काय लिवलं?" नागम्माने विचारलं.

"त्यांच्याकडे काही उपाय आहे का, ते विचारलंय."

"कदी कळंल?"

अक्षताला खोटं बोलता आलं नाही. "आजवर त्यांनी एकदाही उत्तर दिलेलं नाही."

नागम्मा पडद्याकडे पाहत राहिली. तिथे काळ्यावर निळसर धुरळा होता, रेघ नव्हती. मग तिने कमरेची पिशवी सोडून फोन काढला.

"मी बोलते," ती फोनवर म्हणाली. "व्हय, हितंच हाय. न्हाय निघालं काय. पाचदा बगितलं." पलीकडचं बोलणं तिने डोळे मिटून ऐकलं. "द्या मग लिवून. आन् सही केल्यावर दोन घास खावा, तुमाला माजी आण हाय."

ती उठली. दारात चपला घालताना म्हणाली, "तुमचा काय दोष न्हाय, अक्का. हाय ते तुमी सांगितलं."

जिन्यावरची तिची पावलं थांबली तेव्हा संगणकावर उत्तर येऊन पडलं. तीन वर्षांतलं पहिलंच.

"नमस्कार अक्षता मॅडम. चोविसावी मागणी मिळाली, अवश्य विचार करू. तुम्हाला एक कळवायचंच राहून गेलं, त्याबद्दल क्षमस्व. तुमची नववी मागणी आम्ही फेब्रुवारीतच पूर्ण केली आहे : आता कोणतीही फाईल उघडताक्षणी तिच्यातले हॉर्न, भोंगे आणि शिट्ट्या न विचारता, आपोआप काढून टाकल्या जातात."